मदत हवी आहे : मिलिंग मशीनचा ओव्हरलोड रिले कट लागताच ट्रिप होतो

वाळूज एमआयडीसीतील आमच्या वर्कशॉपमधील मिलिंग मशीनची ३ एचपी, ४१५ व्होल्टची स्पिंडल मोटर रिकामी नीट फिरते. मात्र कट लागताच (कटर धातू कापू लागताच) आर आणि वाय फेजचा करंट ६ अँपिअरच्या वर जातो, बी फेजचा ३ वर घसरतो व ओव्हरलोड रिले (जादा करंटपासून मोटर वाचवणारे उपकरण) ट्रिप होतो. मेन स्विचवर लोड असतानाही तिन्ही फेजमध्ये ४१० व्होल्टच्या आसपास मिळतात, त्यामुळे पुरवठ्याला (एरवी पहिला संशय त्याचाच) दोष देता येत नाही. कॉन्टॅक्टर (मोटरचा पुरवठा चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच) नवा बसवला, मोटर मेगरवर (इन्सुलेशन तपासणारे मीटर) ठीक आली. फॉरवर्ड-रिव्हर्स स्विचजवळ बी फेजची निळी स्लीव्ह तपकिरी पडलेली दिसली, म्हणून लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) बदलला, तरी फरक नाही. मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर एवढीच साधने हाताशी असताना, दोष या स्विचच्या आतील कॉन्टॅक्टमध्ये आहे की मोटरच्या वाइंडिंगमध्ये, हे चालू लोडवर नेमक्या कोणत्या टर्मिनलांमधील व्होल्टेज ड्रॉप मोजून ठरवावे?