स्नूकरचा क्यू चिकट झाला तर जवसाले शिव्या कायले?

वऱ्हाडी_पॉटर (दर्यापूरकडचा)
काल इथं काळा_चेंडू यांनी लिहिलं, 'क्यूले (खेळायच्या लाकडी काठीले) जवसाचं तेल चुकूनही लावू नका. माझ्या क्यूचा गोंद झाला. सरळ नागपूरले नेऊन पॉलिश मारून घ्या.' खाली धडाधड अंगठे पडले. मी तीनदा टाइप करून पुसलं, आता राहवत नाही.

बाप्पा, तेलाचा काय गुन्हा? जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. पातळ हात मारला तर अ‍ॅश लाकडाच्या उघड्या रेषांत मुरते अन् कडक होते. जाड लावलं तर वर साय धरते, खाली चिकटच राहते. त्यात भर श्रावणात क्यू केसमध्ये कोंबून चेन लावली तर हवा कुठून भेटन त्याले?

मी दोन क्यू वाचवले, त्यातला एक माझाच (हो, हा शहाणपणा मीबी केला होता). सुती कापड तारपिनात ओलं करा, निथळत नको, अन् लाकडाच्या रेषेनं चोळा. कापड पिवळं झालं की फेका, दुसरं घ्या. थर गच्च बसला असन तिथं चार शून्यवालं (एकदम बारीक) स्टील वूल, हलक्या हातानं. पॉलिश पेपर नाही! क्यूची जाडी गेली की परत येत नाही. टिप (टोकावरची चामडी गादी) अन् पितळी फेरूल (तिच्याखालचं कडं) यांपासून दूर राहा. मंग दोन दिवस हवेत आडवा ठेवा, भिंतीले टेकवून नाही. त्यावर तेल लावायचंच असन तर चार थेंब. तळहात गरम होईपर्यंत चोळा, १५ मिनिटांनी असं पुसा की लावलं होतं का नाही तेच समजू नये.

काळा_चेंडू
प्रवचन वाचलं. मी जाड लावलं हे तुम्ही कुठून पाहिलं? आईनं चटणीसाठी घाण्यावरून आणलेलं तेल, दोन हात मारले, पुसलंही. तीन आठवडे झाले. ब्रिजच्या (क्यू टेकवायच्या हाताच्या) बोटांत क्यू अडकते. परवा मॅचमध्ये शेवटची काळी गोटी सुटली ती याच्यामुळं, नेम चुकत नाही माझा. टाल्कम पावडर लावून पाहिली तर लेप झाला.

वऱ्हाडी_पॉटर
पावडर लावली? मंग क्यू कायले म्हणता, कणीक म्हणा.

पुण्याची_सून (सासर पुसद)
जवस म्हणजे आमच्याकडची आळशी ना? मग भांडण मिटलंच. दोष आळशीचा नाही, आळशी लावणाऱ्याचा.

चेष्टा सोडा. सासऱ्यांच्या स्नूकर पार्लरचा हिशोब मी बघते, दोन टेबलं आहेत, म्हणून थोडं कळतं. घाण्याचं कच्चं तेल वाळायला फार वेळ घेतं. पेंटच्या दुकानात बेलतेल मिळतं, तेही आळशीचंच, पण त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. क्यूला ते चालतं. चटणीत मात्र घालू नका, काळा_चेंडूंच्या आईंना सांगून ठेवा.

झाडीपट्टीचा (ब्रह्मपुरी)
क्यूचं तुमचं चालू द्या. घाण्याचं जवसाचं तेल भेटते कुठं ते सांगा पहिले! आमच्याकडे धान उभा असतानाच बांधीत (धानाच्या शेतात) जवस नाहीतर लाखोरी (डाळीचं पीक) फेकायचे, त्याले उतेरा म्हणते. नांगर नाही, पाणी नाही, धानाच्या ओलीवर पीक निघे. निळ्या फुलांनी बांधी भरून जाय. आता हार्वेस्टर येते, चाकाखाली सगळं चेंदते. उरलं ते मोकाट ढोरं खातात. मागच्या साली मी दीड एकरात फेकलं, दोन पोते झाले, तर बाजारात व्यापारी म्हणते, 'एवढुशा मालाची बोली कोण लावन?' तेच जवस शहरात डबीत भरून 'सुपरफूड' म्हणून विकून राह्यले.

पुण्याची_सून
डबी मीही घेतली आहे. भाव ऐकून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

वऱ्हाडी_पॉटर
आमच्याकडं सोयाबीन आलं अन् जवस गेलं. आजी भाकरीवर जवसाचं कच्चं तेल अन् तिखट घेऊन जेवायची. आता पोरांले वास येते म्हणे.

काळा_चेंडू
माझा क्यू राहिला बाजूला.

हिशेबी_माणूस
राहू द्या बाजूला. कापसाले भाव नाही अन् इथं साहेबलोकांच्या खेळाच्या काठीले तेल लावायची चर्चा. विट्टी-दांडू खेळा.

वऱ्हाडी_पॉटर
साहेब होता खरा, पण स्नूकर जन्मला जबलपूरच्या फौजी मेसमध्ये, १८७५ साली. नेव्हिल चेम्बरलेन नावाचा फौजी अधिकारी, पुढं पंतप्रधान झाला तो नाही, दुसरा. नागपूरहून सकाळी निघालं तर दुपारी पोचते माणूस जबलपूरले. लंडनपेक्षा हा खेळ आपल्याच जवळचा आहे. अन् दांडू कोणत्या लाकडाचा करता ते सांगा, त्यालेबी तेल लागते.

झाडीपट्टीचा
लाकडाचं म्हणाल तर कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचाच…

तालुक्याचा_सुतार
थांबा. पॉटर भाऊ, 'कापड फेका' लिहिलं. कुठं फेका? जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेटतात.

हिशेबी_माणूस
काडी न लावता? मसणातल्या गोष्टी सांगून रायला काय?

तालुक्याचा_सुतार
माझ्या दुकानात झालं आहे. दरवाज्याले बेलतेल मारलं, चिंध्या भुशाच्या पोत्यावर टाकून जेवाले गेलो. आलो तर पोत्यातून धूर. वर हीच तुमची पोस्ट आहे ना, तेल ऑक्सिजन घेऊन घट्ट होते? तेव्हा गरमही होते. पसरलेली चिंधी थंड राहते, गोळा केलेलीत गर्मी कोंडते. तीस वर्षं रंधा मारतो, भुतं नाही पाहिली, हे पाहिलं. आग लागली असती तर तू पाणी आणलं असतंस का?

हिशेबी_माणूस
अरे-तुरे करू नका.

तालुक्याचा_सुतार
सुरू कोणी केलं?

वऱ्हाडी_पॉटर
सुतार भाऊंचं खरं. माझी चूक झाली, लिहायले पाहिजे होतं. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा एक-एक पसरून वाळवा.

तालुक्याचा_सुतार
अन् काळा_चेंडू, एक विचारतो. क्यू नवा होता तेव्हा चमकत होता का? काचेसारखा?

काळा_चेंडू
हो. म्हणून तर घेतला.

तालुक्याचा_सुतार
मग त्यावर कंपनीचं लॅकर (चमकदार थर) आहे. तेल लाकडात गेलंच नाही, लॅकरवर पडून राह्यलं. तिथं चार थेंब लावा की चाळीस, चिकटणारच. तारपिनानं तेल पुसून काढा अन् पुन्हा लावू नका. थिनर तर बाटलीसकट लपवून ठेवा, ते लॅकरच उचकटते.

काळा_चेंडू
म्हणजे तेल लावू नका हे माझं बरोबरच होतं.

वऱ्हाडी_पॉटर
तुमच्या क्यूपुरतं. तुम्ही सांगितलेलं कारण चूक होतं. हात जोडले.

काळा_चेंडू
घ्या जोडून. काल रात्री तारपिनानं चार चिंध्या चोळल्या, पहिल्या दोन हळदीसारख्या निघाल्या. आता बोटांतून सटकते. जवसाच्या तेलाबद्दल जे लिहिलं ते अर्धं मागं घेतो. अर्धंच.

तालुक्याचा_सुतार
चिंध्या कुठं आहेत?

काळा_चेंडू
अंगणात दोरीवर, एकेक वेगळी. आई विचारत होती, एवढ्या फडक्यांनी चटणीचं किती तेल प्यायलं म्हणून.