अनुभव धागा: नवे इंडी, लोक आणि इलेक्ट्रॉनिक अल्बम कसे ऐकता?

सुटी_तार (धागाकर्ता)

'छान आहे', 'बोअर आहे' एवढ्यावर कुणाचं भागत नाही. गेल्या पाच-सहा वर्षांतला एखादा अल्बम घ्या आणि सांगा: कुठे पकडतो, कुठे सुटतो, ऐकताना कुठलं सेटिंग लागतं, काय बिघडतं आणि का. 'ते दिवस, ती बस, तो पाऊस' इथे नको, त्याचे धागे पुष्कळ आहेत. जुनं काही आणायचंच असेल तर वर 'अवांतर' लिहा.

सुरुवात करतो. इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, सॅक्सोफोनवादक फॅरोआ सँडर्स आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा यांचा 'प्रॉमिसेस', २०२१. नऊ भाग, ४६ मिनिटं, रचना मात्र एकच. काही सुरांची एक छोटी फिरत सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत येत राहते आणि तिच्याभोवती सॅक्सोफोन फिरतो. चौथ्या भागात सँडर्स सॅक्सोफोन बाजूला ठेवून तोंडाने पुटपुटल्यासारखं गातात. सहाव्यात व्हायोलिनं-चेलो एकदम उसळतात.

लोक फसतात ते आवाजाच्या पातळीत. पहिला भाग इतका हळू आहे की हात आपसूक आवाज वाढवतो, मग सहाव्यात कानठळ्या. म्हणून आधी सहावा भाग लावून आवाज ठरवा, मग पहिल्यापासून सुरू करा. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये आवाजाचे तीन पर्याय आहेत: लाउड, नॉर्मल, क्वाएट. नॉर्मल म्हणजे सरासरी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी मोजायचं एकक), लाउड म्हणजे उणे ११. शांत रेकॉर्डिंग लाउडवर न्यायचं तर अ‍ॅप लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारी सोय) लावतं आणि ऑर्केस्ट्राची उसळी चेपली जाते. नॉर्मलवर ठेवा किंवा सरळ बंद करा. शिवाय शफल केलं की अ‍ॅप प्रत्येक तुकडा वेगळा मोजून सारख्या पातळीला आणतं. ओळीने लावला तरच शांत भाग शांत राहतात.

आठव्या भागाच्या शेवटी बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. अल्बम संपलेला नाही, हात लावू नका.

खर्ज

लँकम, 'फॉल्स लँकम', २०२३. डब्लिनचे चौघे. बारा तुकडे, सत्तर मिनिटं, बहुतेक गाणी पारंपरिक किंवा इतरांची. त्यांच्यातल्या डारा लिंचची स्वतःची दोनच, त्यातलं 'द टर्न' शेवटी आहे आणि तेच सगळ्यात लांब.

पहिलंच गाणं 'गो डिग माय ग्रेव्ह' जवळजवळ नऊ मिनिटांचं. त्यांची गायिका रॅडी पीट सुरुवातीला जवळपास एकटीच गाते, थरथर नाही, हरकत नाही, सूर सरळ लावलेला. अर्ध्यानंतर खालून घोष (सतत चालू राहणारा आधारसूर) वाढत जातो आणि गाणं त्यात बुडतं. फोनच्या स्पीकरवर हे गाणं निम्मंच पोचतं, कारण त्याला २०० हर्ट्‌झच्या खालचं जवळजवळ झेपत नाही. वरचा आवाज तेवढा उरतो आणि लोक म्हणतात, 'रडगाणं आहे'. हेडफोन साधे असले तरी चालतील, पण कानावर घट्ट बसणारे हवेत. कानातले बड सैल बसले की आधी खर्ज जातो. रबराचं टोक एक माप मोठं घालून बघा.

या घोषाला तंबोऱ्याच्या कानाने ऐकू नका. तंबोरा जुळलेला असतो. इथे कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी), पाइप्स (पिशवीतल्या हवेवर वाजणारं वाद्य), हार्मोनियम मुद्दाम एकमेकांना घासतात. २२० आणि २२२ हर्ट्‌झचे दोन सूर एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे येतात. पेटीतले दोन रीड किंचित चळले की येते तीच लहर. बेसूर नाही, हेतू आहे. हेलकावे मोजता यायला लागले की गाणं उलगडतं.

नावडलेलं: 'फ्यूग' नावाचे तीन जोडतुकडे. पहिला ठीक, दुसऱ्या-तिसऱ्यात नवं काही घडत नाही. पण गाळूही नका, पुढचं गाणं त्यांच्यातूनच उगवतं.

अर्धी_मात्रा

+१. पारंपरिक गाणं घेऊन त्याला 'फ्यूजन'चा मसाला न लावणं हे आपल्याकडच्या मंडळींनी लँकमकडून उचलावं. गोंधळातलं तुणतुणं घ्यायचं आणि मागे ड्रमसेट कुटायचा, यापलीकडे आपली कल्पना फारशी जात नाही. तुणतुण्याची तीच एक तार दहा मिनिटं पुढे आणून ठेवा, बघा काय होतं.

गच्चीवरचा

पाकिस्तानी-अमेरिकन गायिका अरूज आफताब. 'व्हल्चर प्रिन्स' (२०२१) आणि 'नाइट रेन' (२०२४). आधी कुठला, असं विचारलंत तर 'व्हल्चर प्रिन्स'. सात गाणी, आणि त्यातलं 'मोहब्बत' ग्रॅमीला पोचलं.

आपल्या कानाची अडचण अशी की 'मोहब्बत' ही हफीझ होशियारपुरींची गझल आपण मेहदी हसनच्या गळ्यातून ओळखतो. मतला (पहिला शेर) झाला की तबला उठेल, शेर संपला की पेटी जागा भरेल, अशी वाट बघत बसतो. इथे तसलं काही येत नाही. सम नाही म्हणून गाणं 'कुठे जातच नाही' असं वाटतं. हार्प आणि गिटारचे हात ऐका, लय तिथे आहे. शब्दांचा अर्थ आधी वाचून घ्या, कारण ती एकेक ओळ इतकी लांबवते की वाक्य हातातून निसटतं.

'नाइट रेन'मध्ये नऊ गाणी. 'ना गुल' हे महलका बाई चंदाचं काव्य. अठराव्या शतकातली ही कवयित्री, जन्म औरंगाबादचा, नाव झालं हैदराबादेत. इथे आवाज मायक्रोफोनच्या इतका जवळ आहे की ओठ उघडल्याचं कळतं. ही जवळीक स्वस्त इअरफोनवर टोचते. त्यांचा वरचा पट्टा मुळातच फुगवलेला असतो, त्यामुळे स-श चे आवाज शिट्टीसारखे येतात. इक्वलायझरमध्ये ६ ते ८ किलोहर्ट्‌झला २-३ डेसिबल खाली घ्या. 'बेस बूस्ट' चालू असेल तर तो आधी बंद, नाहीतर बास आवाजावर चढून बसतो.

'ऑटम लीव्ह्ज' कशाला घेतलं ते कळलं नाही. इतक्यांनी गायलंय की तिचं वेगळेपणही त्यात हरवतं.

कोपरा_चार

इलेक्ट्रॉनिक संगीतकार जॉन हॉपकिन्स, 'रिच्युअल', २०२४. ४१ मिनिटं, आठ भाग, मध्ये फट नाही. क्रॉसफेड शून्यावर आणा. अनेकांच्या फोनवर तो पाच-सहा सेकंदांवर ठेवलेला असतो आणि प्रत्येक सांध्यावर दोन भाग एकमेकांवर चढतात. ऑटोप्लेही बंद करा. 'नथिंग इज लॉस्ट' विरत जाऊन पुढच्या क्षणी अल्गोरिदमने भलतंच काही सुरू केलं तर सगळ्यावर पाणी.

हा अल्बम हेडफोनपेक्षा स्पीकरचा, तोही सबवूफर (खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) असेल तर. पाचव्या-सहाव्या भागात खालचा दाब वाढत जातो आणि मग खोलीतल्या वस्तू वाजू लागतात. स्टीलचं कपाट, खिडकीची सैल काच, शोकेसमधले कप. दोष अल्बमवर जातो, 'फाटतंय' म्हणून. तपासायची पद्धत:

फोन याच स्पीकरला जोडून त्यावर टोन जनरेटरचं (हवा तो सूर काढणारं) कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या. ३० हर्ट्‌झपासून हळूहळू १०० पर्यंत न्या. ज्या आकड्यावर काहीतरी खडखडतं तिथे थांबा आणि हात लावत फिरा. हाताने दाबल्यावर थांबलं तो चोर. कपाटाच्या दाराला फेल्टच्या टिकल्या, काचेला रबराची पट्टी. त्यानंतर सबवूफर कोपऱ्यातून फूट-दीड फूट बाहेर ओढा, कारण कोपऱ्यात खालचे सूर फुगतात. बुकशेल्फ स्पीकर असतील तर क्रॉसओव्हर (ज्या आकड्याखालचे सूर सबवूफरकडे जातात तो) ८० हर्ट्‌झपासून सुरू करून कानाने ठरवा.

अल्बमबद्दल मत? चढण अप्रतिम, उतरण लांबलेली. पण ही रचना मुळात २०२२च्या ड्रीममशीन या प्रकल्पासाठीच्या कामातून वाढली. मिटल्या डोळ्यांवर लुकलुकता प्रकाश पडत असताना ऐकायचं संगीत होतं ते. म्हणून दिवे घालवून ऐकलं की उतरणीचीही जागा कळते.

नॉबफिरव्या

सगळेच सेटिंग सांगताहेत म्हणून उलट बाजू. सेटिंग बदलून वाईट गाणं चांगलं होत नसतं.

कॅरिबू, 'हनी', २०२४. कॅरिबू म्हणजेच डॅन स्नेथने स्वतःच्या आवाजावर एआय चालवून वेगवेगळे 'गायक' उभे केले, आणि ते लपवलेलं नाही. नाचाच्या गाण्यांत ते खपतं, कारण तिथे आवाज दोन-चार शब्दांचा तुकडा असतो. पण 'कँपफायर'मध्ये रॅप येतो आणि तिथे सोंग उघडं पडतं. रॅपमध्ये श्वास कुठे घेतला, कुठला शब्द चावला, कुठे आघात पडला, यावर माणूस ओळखू येतो. इथे आवाज बदललाय, पण श्वास आणि आघात स्नेथचेच. कुठलाही इक्वलायझर हे झाकणार नाही. बाकी अल्बमची ठोक्याची बाजू, विशेषतः बास आणि किक (पायाने वाजवायच्या ड्रमचा ठोका) एकमेकांना जागा करून देतात ती, अव्वल आहे.

लूप

फोर टेट, 'थ्री', २०२४. आठ तुकडे. गाडीत ऐकण्यासारखा, ही निंदा नव्हे. शेवटचा 'थ्री ड्रम्स' मात्र घरी ऐका. ड्रमच्या मागे धुकं दाटत जातं आणि ते कुठे सुरू झालं हे सापडत नाही. ब्लूटूथवर हेच धुकं आधी चिकट होतं. अँड्रॉइड असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये कोडेक (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची पद्धत) बघा. एलडीएसी असेल तर 'बेस्ट एफर्ट'ऐवजी ९९० केबीपीएस. गर्दीच्या लोकलमध्ये ९९० तुटतं, तिथे ६६० बरं. आयफोनवर एलडीएसी नाहीच, एएसीवर भागवा.

अवांतर: फोर टेटचाच 'मॉर्निंग/इव्हिनिंग', २०१५. दोनच तुकडे, प्रत्येकी साधारण वीस मिनिटं. 'मॉर्निंग साइड'मध्ये 'सौतन' (१९८३) मधलं लताबाईंचं गाणं आहे, संगीत उषा खन्नांचं. आवाज ओळीच्या ओळी चालू दिलाय, चकत्या करून पेरलेला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

खर्ज

लूप, ओळी ठेवल्यात हे खरं, पण गाण्याचा अर्थ गेला. तिथे लताबाई एक पोत झाल्यात. वाईट नाही, पण 'आदरांजली' वगैरे म्हणू नये.

मोरचंग

बिग थीफ हा अमेरिकन बँड, 'ड्रॅगन न्यू वॉर्म माउंटन आय बिलीव्ह इन यू', २०२२. वीस गाणी, ऐंशी मिनिटं. अमेरिकेतल्या चार ठिकाणी, चार वेगळ्या इंजिनियरांकडून रेकॉर्ड केलेला. निर्माता त्यांचाच ड्रमर जेम्स क्रिव्हचेनिया. त्यामुळे एक गाणं अंगणात वाजल्यासारखं, पुढचं धुराने भरलेल्या खोलीत. एका बैठकीत कान थकतो. पाच-पाच गाण्यांचे चार भाग करा.

'स्पड इन्फिनिटी'तलं ते टॉइंग-टॉइंग म्हणजे मोरचंग, त्यांची गायिका एड्रिअन लेंकरच्या भावाने वाजवलेलं. आधी हसू येतं, मग कळतं की लय तेच धरून आहे. पंधरा गाण्यांत अल्बम जास्त धारदार झाला असता.

लेंकरचा एकटीचा 'साँग्ज' (२०२०) ऐकणाऱ्यांसाठी: तो टेपवर, लाकडी झोपडीत रेकॉर्ड झालाय. 'कम'मधला पाऊस आणि 'झॉम्बी गर्ल'मधले पक्षी रेकॉर्डिंगमध्येच आहेत. टेपची सूंऽऽ ऐकून हेडफोन बदलू नका.

सुटी_तार

विकत घेणाऱ्यांसाठी: बँडकँपवर (संगीत थेट कलाकाराकडून विकत घ्यायची साइट) डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, वस्तूंवर १०. 'बँडकँप फ्रायडे'ला स्वतःचा वाटा सोडतात. आपलं कार्ड नाकारलं जातं त्याचं नेहमीचं कारण म्हणजे बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार' बंद असतात. चालू करा, मर्यादा ठरवा, खरेदी झाली की परत बंद. डाउनलोड करताना यादीत आधी एमपी३ निवडलेलं असतं, ते बदलून फ्लॅक (दर्जा न गमावता लहान केलेली फाइल) घ्या.

फुकट्या

सिंडी ली, 'डायमंड ज्युबिली', मार्च २०२४. ३२ गाणी, दोन तास. आला तेव्हा कुठल्याच स्ट्रीमिंगवर नव्हता. यूट्यूबवर एक सलग व्हिडिओ, नाहीतर साध्यासुध्या वेबपानावरून वेव्ह (न दाबलेल्या) फाइली, सोबत ३० कॅनेडियन डॉलर द्या अशी विनंती. तेव्हा उतरवून ठेवलेल्या फाइली अनेकांकडे अजून तशाच पडल्या आहेत.

सीडी दर्जाची वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे हा ढीग सव्वा जीबीच्या आसपास. शिवाय वेव्हमध्ये टॅग (फाइलमध्येच लिहिलेली गाण्याची माहिती) नीट टिकत नाहीत, बऱ्याच प्लेअरमध्ये सगळं 'अज्ञात कलाकार' होतं आणि क्रम विस्कटतो. फूबार२००० या प्लेअरमध्ये सगळ्या फाइली निवडा, कन्व्हर्टमधून फ्लॅक, पातळी ५. आठ लावलीत तरी आवाज तोच, फक्त वेळ जास्त आणि फाइल किंचित लहान. मग फाइलनावावरून टॅग भरायची सोय वापरून क्रमांक आणि शीर्षक भरा, डिस्क क्रमांक १ आणि २ हाताने घाला, नाहीतर दोन्ही डिस्कची गाणी एकाआड एक लागतात.

आवाज दूरच्या रेडिओस्टेशनवरून आल्यासारखा आहे, गिटार कधी कधी पातळ. तो तसाच केलाय, 'क्लॅरिटी'चं बटण दाबू नका. पहिली डिस्क गाण्यांची, दुसरी विस्कळीत. दुसरीतली चार-पाच गाणी मी यादीतून काढली आहेत आणि अजून तरी त्यांची उणीव भासलेली नाही.