मदत हवी आहे : कॅन्सरच्या बातम्या वाचायच्या कशा आणि डॉक्टरांना विचारायच्या कशा?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. वय 54, राहणार नाशिक. 2021 संपता संपता डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. गाठ मोठी होती म्हणून आधी केमो, मग एप्रिल 2022 मध्ये ऑपरेशन, मग रेडिएशन. आता रोज रात्री लेट्रोझोलची (शरीरातलं इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी) एक गोळी आणि दर सहा महिन्यांनी फॉलोअप. तब्येत बरी आहे. मदत हवी आहे ती बातम्यांच्या बाबतीत.

सप्टेंबर 2022. रेडिएशन नुकतंच संपलं होतं, काखेखालची कातडी अजून काळी होती. सकाळी दिरांनी व्हॉट्सअॅपवर पेपरचं कात्रण पाठवलं. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी पॅरिसच्या परिषदेत मांडलेला अभ्यास होता. स्तनाच्या ऑपरेशनआधी दहाएक मिनिटं गाठीच्या चहूबाजूंनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, तर कॅन्सर उलटण्याचा आणि मृत्यूचा धोका कमी होतो. इंजेक्शन कुठलं, तर साधं लिग्नोकेन. दाताचे डॉक्टर हिरडीत देतात तेच.

माझं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. मी कपाटातून फाईल काढली आणि ऑपरेशनच्या कागदावरची एकेक ओळ बोट ठेवून वाचली. तसं काही लिहिलेलं नव्हतं. फाईल परत ठेवली, मिस्टरांना काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून भाजी निवडताना, रात्री कूस बदलताना मनात एकच : पाच महिने उशीर झाला. पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांना विचारलं. "आता त्याचा विचार करू नका," एवढंच म्हणाले. बाहेर बाकांवर पन्नासेक पेशंट बसले होते. डॉक्टरांचा राग नाही आला, पण मी आत गेले तशीच बाहेर आले.

2023 मध्ये तो अभ्यास रीतसर छापून आला. माझी भाची एम.एस्सी. झाली आहे, तिने शोधून काढला आणि फोनवर मराठीत सांगत गेली. 11 हॉस्पिटलं, 1600 बायका. मधेच थांबून म्हणाली, "मावशी, यात आधी केमो न घेता थेट ऑपरेशनला जाणाऱ्या बायकाच घेतल्यात. तू यात बसतच नाहीस." याचा अर्थ ते इंजेक्शन माझ्या उपयोगाचं नव्हतं असा नाही, हे तिनेच बजावलं. माझ्यासारख्यांबद्दल तो अभ्यास काहीच सांगत नाही, एवढंच. पण कात्रणात ते एक वाक्य असतं तर माझे कितीतरी महिने वाचले असते. मी त्या रात्री खूप रडले आणि मग झोपले.

भाचीने आकडेही समजावले. बातमीत लिहिलं होतं, धोका 26 टक्क्यांनी कमी. अभ्यासात असं, की इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी 82.6 टक्के बायका पाच वर्षांनंतर कॅन्सर न उलटता जिवंत होत्या आणि घेतलेल्यांपैकी 86.6 टक्के. म्हणजे शंभरात चार जणींचा फरक. 26 ऐकून मला वाटलं होतं, शंभरातल्या 26 जणी वाचतात. दोन्ही आकडे खरे आहेत (26 म्हणजे मूळ धोक्यातला तेवढा हिस्सा कमी, चार म्हणजे शंभर बायकांतला प्रत्यक्ष फरक), पण कुठला काय सांगतो ते मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि चार काही कमी नाहीत. आमच्या केमोच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. दर वेळी त्याच बायका भेटायच्या, त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आले.

मग फेब्रुवारी 2024. पुन्हा टाटाचीच बातमी : कॅन्सर परतू न देणारी शंभर रुपयांची गोळी. रेसव्हेरॅट्रॉल आणि तांबं. रेसव्हेरॅट्रॉल द्राक्षांत असतं हे कळल्यावर पिंपळगावहून भाऊ द्राक्षांच्या दोन पेट्या घेऊन आला आणि तांब्याचा लोटा. "रोज यातलंच पाणी पी, ताई." गोळीचं मुख्य काम उंदरांवर झालेलं होतं. मरणाऱ्या कॅन्सरपेशींतून बाहेर पडणारे कण निरोगी पेशींत शिरतात, ते ही गोळी नष्ट करते, असा विचार आहे. हे मला ठाऊक होतं. पण दारात उभ्या भावाला काय सांगू? दहा किलो द्राक्षं शेजारीपाजारी वाटली, लोट्यातलं पाणी पिते.

तर जाणकारांना विचारायचं आहे. बातमी आली की त्यात कोणते पेशंट होते, माणसं होती की उंदीर, हे आपलं आपण कुठे बघावं? भाची म्हणते, सीटीआरआय या सरकारी नोंदणीत चाचणीत कोणाला घेणार, कोणाला नाही, हे लिहिलेलं असतं. 2009 पासून आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची आहे. मी उघडून बघितलं, सगळं इंग्रजी, तिसऱ्या ओळीला अडकले. असं मराठीतून समजावणारं कोणी, कुठे आहे का? भाचीचं लग्न ठरलंय, तिला किती त्रास देणार.

दुसरं, डॉक्टरांच्या पाच मिनिटांत तुम्ही हे कसं विचारता? पेशंट आणि पेशंटच्या घरचे, दोघांनीही सांगा. "हे करा, ते खा" असे सल्ले मात्र कृपया नकोत, ते घरी भरपूर मिळतात.

संपादन : सगळ्यांचे मनापासून आभार. कात्रण दाखवू नका, एकच प्रश्न कागदावर लिहून फाईलच्या वर लावा, असं तिघांनी सुचवलं. ते पटलं. फॉलोअप येत्या 18 तारखेला आहे. काल रात्री बसून चिठ्ठी लिहिली, चार वेळा खोडली. आता अशी आहे : "माझी आधी केमो झाली, मग ऑपरेशन. आता लेट्रोझोल चालू आहे. माझ्यासारख्या बायकांवर सध्या कुठे अभ्यास चालू आहे का? असेल तर मी त्यात बसते का?" काही बदल हवा असेल तर 17 पर्यंत सांगा.