संगणक जाळ्याची देखभाल पुण्याच्या संस्थेकडे दुरून सोपवावी का?

प्रश्न

नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. कार्यालय, गोदाम आणि शिलाई विभाग मिळून २२ संगणक व एक सर्व्हर असून हिशेब टॅलीवर चालतो. आजवर ओळखीचा तंत्रज्ञ बोलावल्यावर येत असे. परंतु गेल्या महिन्यात सर्व्हर बंद पडला तेव्हा तो परगावी होता आणि मालाची बिले दोन दिवस निघाली नाहीत. आता पुण्यातील एक संस्था सर्व्हर, फायरवॉल (बाहेरचा शिरकाव अडवणारी यंत्रणा) व बॅकअप (माहितीची राखीव प्रत) दरमहा ठरावीक शुल्कात दुरून सांभाळायला तयार आहे. आपल्या किल्ल्या परक्याच्या हाती देणे वडिलांना पटत नाही, आणि त्यांची भीती मला अनाठायी वाटत नाही. काम कोणत्या अटींवर द्यावे?

उत्तर १

ते कोणत्या वाटेने आत येणार, हे आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी राउटरवरील ३३८९ क्रमांकाचे पोर्ट (जोडणीचे दार) इंटरनेटला उघडे ठेवून रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक हाताळण्याची सोय) चालवतात, आणि अशी पोर्टे हुडकून पासवर्ड आजमावणारी साधने रात्रंदिवस फिरत असतात. व्हीपीएन (इंटरनेटवरील सुरक्षित, खासगी वाट), मोबाइलवरील दुसरी पडताळणी आणि प्रत्येक तंत्रज्ञाला स्वतंत्र खाते, याखेरीज संमती देऊ नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणेच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवावी लागते. हे कोणी करायचे, ते करारातच लिहून घ्या.

उत्तर २

आपल्या वडिलांची शंका रास्त आहे. जुलै २०२१ मध्ये कासेया कंपनीच्या दूरनियंत्रण सॉफ्टवेअरमधील त्रुटीतून हल्लेखोर देखभाल संस्थांच्या ग्राहकांपर्यंत पोहोचले आणि स्वीडनमधील को-ऑप साखळीला सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली. म्हणून बॅकअपची एक प्रत त्या संस्थेच्या आवाक्याबाहेर, संगणकापासून सोडवलेल्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि त्या प्रतीवरून टॅलीची माहिती खरोखर परत उभी राहते का, हे दर तिमाहीस स्वतःसमोर करवून घ्या.

उत्तर ३

आमचा करार संपला तेव्हा फायरवॉलचा मुख्य पासवर्ड आणि डोमेनची (संकेतस्थळ व ईमेलच्या नावाची) नोंदणी दोन्ही देखभाल संस्थेच्याच नावावर असल्याचे कळले, आणि ते सोडवून घेण्यात तीन आठवडे गेले. तेव्हा नोंदणी व परवाने कारखान्याच्याच नावावर करा आणि मुख्य पासवर्ड लिफाफ्यात बंद करून तिजोरीत ठेवा.

आणखी एक विनंती आहे: जुन्या तंत्रज्ञाला सोडू नका. टॉवेलच्या कारखान्यात सुताचे तंतू सर्व्हरच्या पंख्यात भरतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढ्यानेही यंत्र तापून बंद पडते. पुण्यात बसलेल्या माणसाला पडद्यावर तापमान दिसेल, पण पंखा साफ करायला येथलाच हात लागेल. शिवाय इंटरनेट गेले तर संस्थेला आत येताच येणार नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीची एक जोडणी राखीव असू द्या.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. सोमवारी ते तपासून मगच कराराचा मसुदा मागवतो.