शनिवारचे जेवण: जोडीने चाखलेल्या वाइन्स

प्रेषक: जेवणाला उपस्थित असलेला एक सभासद

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार,

गेल्या शनिवारी ताईंच्या घरी आम्ही आठ जण जेवायला जमलो होतो. इतक्या उत्तम वाइन्स एका बैठकीत चाखण्याचा योग मला यापूर्वी आला नव्हता. परंतु ती रात्र लक्षात राहिली ती बाटल्यांवरच्या मोठ्या नावांमुळे नव्हे, तर त्या वाइन्स आमच्यापुढे ज्या रीतीने आल्या त्यामुळे, असे मला मनापासून वाटते. दर वेळी दोन वाइन्स जोडीने आल्या, बाटल्या कापडात गुंडाळलेल्या होत्या, आणि नवी जोडी आली तरी आधीचे ग्लास कोणी उचलले नाहीत. जेवण संपत आले तेव्हा प्रत्येकापुढे ग्लासांची रांग होती आणि ज्याला ज्या वाइनकडे परतावेसे वाटे तो तिच्याकडे परतत होता. ज्या रेड वाइनने पहिल्या घोटाला माझे तोंड तुरटपणाने आवळून टाकले होते, तिच्याच तळाशी उरलेल्या घोटाला दीड तासाने सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा वास येत होता.

ज्यांना येणे जमले नाही त्यांच्यासाठी ताईंनी या मांडणीमागचा विचार सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. जोड्या कशा ठरवल्या, आणि तिसऱ्या जोडीतली बिघडलेली बाटली बाजूला न सारता टेबलावरच का ठेवली, हे विशेष जाणून घ्यायला आवडेल.

कळावे, लोभ असावा.

---

प्रेषक: यजमान
प्रत्युत्तर: शनिवारचे जेवण

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र वाचून अतिशय आनंद झाला. विचारलेच आहे, तर थोडे विस्ताराने लिहिते.

चांगल्या वाइन्स पुष्कळ असल्या की त्या एकामागून एक ओतल्या जातात आणि प्रत्येक वाइन आधीच्या वाइनची आठवण पुसून टाकते, हे मी अनेक बैठकींत पाहिले आहे. वासाची स्मृती फार अल्पजीवी असते. दहा मिनिटांपूर्वी हुंगलेल्या वासाचे वर्णन आपण करतो तेव्हा बहुधा त्या वासाचे नव्हे, तर त्याविषयी आपण जे बोललो त्याचेच वर्णन करत असतो. म्हणून तुलनेची वाइन शेजारच्या ग्लासात, त्याच क्षणी, हाताशी असायला हवी. दुसरे म्हणजे उत्तम वाइन पहिल्या पाच मिनिटांत सगळे सांगत नाही; ग्लासात हवा लागून आणि तापमान वाढून ती बदलत जाते, आणि तो बदल पाहायचा असेल तर ग्लास समोर राहू द्यावा लागतो. या दोन गोष्टींवर माझा ठाम विश्वास आहे आणि सगळी मांडणी त्यांतूनच झाली.

मापाचा हिशेब सोपा होता. बाटली ७५० मिलिलिटरची. प्रत्येकाला ५० मिलिलिटर दिले तर आठ जणांत ४०० मिलिलिटर संपते आणि उरलेली वाइन ज्याला पुन्हा हवी त्याच्यासाठी शिल्लक राहते. पाच जोड्या आणि शेवटी एक गोड वाइन धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या लिटरहून थोडे अधिक येते. एका रात्रीसाठी हेही कमी नाही, म्हणून प्रत्येकाजवळ पिकदाणी आणि पाण्याचा तांब्या ठेवला होता. वाइन तोंडात घोळवून थुंकण्याचा संकोच बाळगू नये, असे मी सुरुवातीलाच सांगितले होते, कारण ज्याला दहावी वाइनही पहिल्या वाइनइतक्याच लक्षाने चाखायची आहे त्याला दुसरा मार्ग नाही.

पहिली जोडी शँपेनची होती: एक केवळ शार्दने या पांढऱ्या द्राक्षांची, दुसरी केवळ काळ्या द्राक्षांची. शँपेनमधील बुडबुडे बाटलीत होणाऱ्या दुसऱ्या किण्वनातून, म्हणजे आंबण्यातून, येतात आणि आतला दाब सुमारे ६ वातावरणांइतका असतो, हे बहुतेकांना ठाऊक असेल. चवीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो त्यानंतरचा काळ. मृत यीस्टच्या गाळासह वाइन बाटलीत पडून राहते आणि भाजलेल्या पावाच्या कडेसारखा जो वास आपल्याला येतो तो त्या सहवासातून येतो. नियमाप्रमाणे साध्या शँपेनला किमान १५ महिने आणि विंटेज, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांच्या, शँपेनला किमान ३ वर्षे तळघरात काढावी लागतात.

दुसऱ्या जोडीवर आपण सर्वांत जास्त बोललो, आणि मलाही ती सर्वांत प्रिय होती. दोन्ही वाइन्स जर्मनीतील मोझेल नदीच्या खोऱ्यातल्या, दोन्ही रिसलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या. एक ताजी, दुसरी सुमारे वीस वर्षांची. पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर वाढलेल्या या द्राक्षांचा आंबटपणा इतका धारदार असतो की किण्वन मध्येच थांबवून मागे ठेवलेली साखर गोडमिट्ट वाटत नाही. मद्यांश जेमतेम ८ टक्क्यांच्या आसपास असूनही वाइन पातळ वाटत नाही. ताज्या वाइनला हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा वास होता. जुनीला मात्र चक्क रॉकेलचा वास आला आणि दोघांनी ग्लास लांब ठेवला. तो बिघाड नव्हे. रिसलिंगच्या सालीत उन्हामुळे कॅरोटिनॉइड वर्गातली द्रव्ये वाढतात आणि त्यांच्या विघटनातून बाटलीत वर्षानुवर्षे एक संयुग हळूहळू तयार होत जाते. हा वास त्याचा. थोडा वेळ थांबून पुन्हा हुंगल्यावर त्या वासाखाली मध, सुकलेले जर्दाळू आणि ओला दगड असे थर उलगडत गेले. ताजी वाइन शेजारी नसती तर जुनीने काय मिळवले आणि काय गमावले, हे कोणालाच इतके स्पष्ट कळले नसते.

तिसरी जोडी फ्रान्समधील बर्गंडी प्रांताच्या शार्दनेची: एक तिथल्या शाब्ली भागातली, लाकडाचा स्पर्श नसलेली, आणि दुसरी ओकच्या पिंपात मुरलेली. ही दुसरी बाटली बिघडलेली निघाली. तिला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा कोंदट वास होता आणि फळाचा वास जवळजवळ लोपला होता. बुचात बुरशी आणि क्लोरीनयुक्त द्रव्ये एकत्र आली की ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचे संयुग तयार होते आणि ते एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतके अत्यल्प असले तरी पुष्कळांच्या नाकाला जाणवते. ते आरोग्याला घातक नसते आणि हवा दिल्याने जातही नाही. बाटली मी मुद्दाम ठेवली, कारण हा दोष पुस्तकात वाचून ओळखता येत नाही. एकदा नाकाने पकडला की मात्र आयुष्यभर उपयोगी पडतो. पहिल्या हुंगण्यालाच तो सर्वांत स्पष्ट असतो, नंतर नाक त्याला सरावते. म्हणूनच मी सर्वांना ‘ग्लास खाली ठेवा, दुसरे काही हुंगा आणि मग परत या’ असे म्हणत होते.

चौथ्या जोडीत बर्गंडीची पिनो न्वार, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची वाइन, आणि इटलीतील बारोलो, म्हणजे नेब्बिओलो द्राक्षाची वाइन, शेजारी ठेवली होती. रंगाने दोन्ही फिक्या, ग्लासातून पलीकडचे अक्षर वाचता येईल इतक्या, आणि म्हणूनच डोळ्यांनी अंदाज बांधणाऱ्याला दोन्ही सौम्य वाटतात. तोंडात घेतल्यावर फरक लपत नाही. पिनो न्वार रेशमासारखी सरकते. बारोलोतील टॅनिन, म्हणजे द्राक्षातले तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि हिरड्या कोरड्या पडतात. नियमाप्रमाणे बारोलोला बाजारात येण्यापूर्वी ३८ महिने मुरावे लागते, त्यांतले १८ महिने लाकडात, आणि तरीही तिचा तुरटपणा सहजी सुटत नाही. आपण वर्णन केलेला गुलाबपाकळ्यांचा वास तिचाच. जेवणातल्या लोण्याने आणि जुन्या चीजने तुरटपणा शमतो, हे खरेच. पण माझ्या मते त्या रात्री त्याहून मोठे काम वेळेने केले.

पाचवी जोडी फ्रान्समधील बोर्दो प्रांताच्या जुन्या वाइन्सची: एक तिथल्या नदीच्या डाव्या काठाची, काबेर्ने सोव्हिन्यों द्राक्ष प्रधान, दुसरी उजव्या काठाची, मेर्लो द्राक्ष प्रधान. बाटल्या आदल्या दिवसापासून उभ्या ठेवल्या होत्या, म्हणजे गाळ तळाशी बसला, आणि मानेखाली दिवा धरून सावकाश ओतल्याने ग्लासात आला नाही. नावे लपवण्याचे कारण याच जोडीच्या वेळी सर्वांत जास्त होते. बोर्दोच्या उत्पादकांची १८५५ ची प्रतवारी मुख्यतः त्या काळच्या बाजारभावांवर ठरली आणि १९७३ मध्ये मुतों रोथशील्ड या उत्पादकाला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली, तो एक मोठा बदल सोडला तर ती जवळपास तशीच आहे. अशी नावे डोळ्यांपुढे असली की जीभ त्यांच्यामागे जाते. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावे न पाहता चाखले, तेव्हा व्हाइट आणि रेड अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

शेवटची गोड वाइन, बोर्दोतल्याच सोतेर्न भागाची, एकटीच होती. शरद ऋतूतील पहाटेच्या धुक्यात बोट्रायटिस नावाची बुरशी पिकलेल्या द्राक्षांच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, पाणी उडून जाते, रस आटतो आणि वेचणारे मजूर त्याच वेलींपाशी अनेक वेळा परत येऊन सुकलेले दाणेच तेवढे निवडतात. तो घोट मिळाल्यावर कोणी काही बोलले नाही आणि मीही काही विचारले नाही.

आपली,
यजमान

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद
प्रत्युत्तर: शनिवारचे जेवण

चि. ताईस अनेक आशीर्वाद,

तुझे पत्र दोनदा वाचले. जोडीने चाखण्याविषयी तू लिहिलेले मला पूर्णपणे मान्य आहे. पाचव्या जोडीबाबत मात्र माझे मत निराळे आहे आणि ते स्पष्ट मांडतो.

तरुण वाइनचे नाव झाकणे योग्यच आहे, कारण तिथे आपण गुण पाहत असतो. जुनी वाइन ही एका विशिष्ट वर्षाची साक्ष असते. बोर्दोत १९६१ साली पीक अत्यंत कमी आले आणि उरलेल्या थोड्या द्राक्षांत विलक्षण दाटपणा उतरला. अशा वाइनचा घोट घेताना ते वर्ष ठाऊक असणे हा पक्षपात नसून त्या घोटाचाच भाग आहे. वर्ष न सांगता ती पुढे ठेवली तर चाखणारा फक्त तिचा थकवा मोजतो. शिवाय जुन्या वाइनला तू म्हणतेस तसा वेळ मानवत नाही. बारोलोला दीड तास उपकारक ठरतो. तेवढ्याच वेळात अतिशय जुन्या वाइनचा वास विरून जातो आणि मागे फक्त आंबटपणा राहतो. उजव्या काठाच्या बाटलीचे त्या रात्री काहीसे तसेच झाले, असे मला जाणवले.

कळावे,
तुझा काका

---

प्रेषक: यजमान
प्रत्युत्तर: शनिवारचे जेवण

ती. काकांस सा. न.,

आपले म्हणणे पटले. उजव्या काठाची वाइन तासाभरात उतरली, हे मीही पाहिले. पहिल्या वीस मिनिटांत तिला असलेला ओल्या मातीचा आणि मशरूमचा सुंदर वास नंतर राहिला नाही. तरीही ती उतरताना पाहणे मला मोलाचे वाटले, कारण जुनी बाटली उघडल्यावर लगेच का प्यावी, हे सांगून जितके कळत नाही तितके शेजारी टिकून राहिलेल्या डाव्या काठाच्या वाइनमुळे कळले. वर्षाविषयी मात्र आपला मुद्दा मी स्वीकारते. पुढच्या वेळी जुन्या जोडीचे वर्ष आणि गाव आधी सांगू, उत्पादकाचे नाव तेवढे झाकू, आणि त्या बाटल्या सर्वांनी टेबलावर बसल्यानंतरच उघडू. त्या वर्षीच्या हवामानाविषयी आपण दहा मिनिटे बोललात तर सर्वांनाच आवडेल.

पुढील बैठकीला येऊ इच्छिणाऱ्यांनी आपण कोणती बाटली आणणार हे मला आठवडाभर आधी कळवावे, म्हणजे तिच्या जोडीची दुसरी शोधण्यास मला वेळ मिळेल. बूच जुने असेल तर तसेही लिहावे. जुने बूच न मोडता काढण्याचे दोन पात्यांचे साधन माझ्याकडे आहे.

आपली,
यजमान