दत्तक घेण्याआधी मनाची तयारी कशी केलीत?

वाट_बघणारी
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी ३९, नवरा ४२, नाशिकला असतो. काराच्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर नाव घालून तीन वर्षं होत आली, ० ते २ वयोगट, आता यादीत नंबर बराच वर आलाय. होम स्टडी रिपोर्टची, म्हणजे आमच्या घराच्या पाहणीच्या अहवालाची, तीन वर्षांची मुदत संपत आली म्हणून गेल्या आठवड्यात सोशल वर्कर ताई परत घरी येऊन गेल्या. मी उत्साहाने पाळणा दाखवला, कपाट दाखवलं, तर त्या म्हणाल्या घराची तयारी दिसली, तुमची सांगा. आणि मला काही बोलताच आलं नाही, नुसतं रडू यायला लागलं.

कागदपत्रं सगळी झालीत पण मनाचं काय करायचं तेच कळेना. चार आयव्हीएफ झाल्या आमच्या, इंजेक्शनच्या तारखांवर गोल केलेलं कॅलेंडर अजून माझ्या साड्यांखाली आहे, टाकवत नाही. सासूबाई विरोध करत नाहीत पण मधेच "शेवटी रक्ताचं ते रक्ताचं" म्हणून जातात. आणि सगळ्यात मोठी भीती, जी नवऱ्यालाही नीट सांगितली नाहीये, बाळ हातात दिलं आणि मला काहीच वाटलं नाही तर? पोर्टलवर बाळाचा फोटो आला की ४८ तासांत त्याला रिझर्व्ह करायचं असतं, तेवढ्यात कसं कळणार? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

सोलापूरची_आई
ताई, आधी ती शेवटची भीती घेते. मला पहिल्या दिवशी काहीही वाटलं नव्हतं. मुलगा साडेतीन वर्षांचा होता आला तेव्हा, आता आठचा आहे. नवरा गाडीतच विरघळला आणि मी मागच्या सीटवर एका अनोळखी पोराशेजारी बसलेय असं वाटत होतं, वरून अपराधी वाटत होतं ते वेगळंच. दीडेक महिना मी फक्त करत राहिले, अंघोळ, जेवण, झोपवणं, आणि एके दिवशी त्याला ताप आला आणि मी रात्रभर थर्मामीटर हातात घेऊन बसले तेव्हा कळलं की झालं, हा माझाच आहे. त्यामुळे प्रेम आधीच तयार पाहिजे असं मनात धरू नका, करता करता येतं ते.

तो मला "ए ताई" म्हणायचा बरं का. संस्थेत सगळ्या सांभाळणाऱ्या बायका ताईच, त्याला काय माहीत आई म्हणजे वेगळं काही. मी तयारी केली होती मूल कधी आई म्हणेल याची, आणि त्याची सगळी धडपड वेगळीच चाललेली. पोळीचे तुकडे उशीखाली ठेवायचा. पडला तरी रडायचा नाही, उठून कपडे झटकायचा. दहा-बारा मुलांबरोबर एका हॉलमध्ये झोपायची सवय, आमच्या शांत बेडरूममध्ये डोळे उघडे ठेवून पडून राहायचा. आम्ही पेढे वाटत होतो आणि त्याचं मात्र सगळं जग एका दुपारीत गेलं होतं हे मला फार उशिरा कळलं. तेवढं एक आधी कोणी सांगितलं असतं तर पहिले दोन महिने मी त्याला घोळका करून पाहुणे दाखवले नसते.

आणि बाळाच्या अंगाखालची चादर संस्थेतून मागून आणा, न धुतलेली, ओळखीचा वास राहतो तिला. आम्ही नेमकी धुतली.

मी_पण_दत्तक
मी दुसऱ्या बाजूने बोलतो. वय ३१. मला घरच्यांनी सांगितलं नव्हतं, चौदाव्या वर्षी एका लग्नात पंगतीत शेजारच्या बाईंनी सांगितलं, म्हणजे मला नाही, त्यांच्या शेजारणीला सांगत होत्या, मी ऐकलं. आईबाबांवर माझं प्रेम तेव्हाही होतं आणि आजही आहे, पण त्या दिवसानंतर बरीच वर्षं मला प्रत्येक गोष्टीत वाटायचं की अजून काय काय लपवलंय.

म्हणून तुमची तयारी म्हणजे दत्तक हा शब्द आत्तापासून घरात मोठ्याने बोलायला शिका. बाळाला कळत नसतं तेव्हाच गोष्ट सांगायला लागा, अंगाई म्हणतात तशी, आम्ही तुला घ्यायला कसे आलो ती. तेव्हा अडखळलात तरी बाळाला कळणार नाही, चौथ्या वर्षापर्यंत तुमची जीभ सरावलेली असेल. आणि हेही मनाशी घ्या की उद्या त्याला जन्मदात्या आईबद्दल विचारावंसं वाटेल. अठरानंतर त्याला स्वतःहून माहितीसाठी अर्ज करता येतो. तो प्रश्न आला की तुम्ही कमी पडलात असं अजिबात नसतं, मी विचारला तेव्हा माझी आई आठवडाभर जेवली नाही नीट आणि मी विचारणंच सोडून दिलं.

निवृत्त_कार्यकर्ती
या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलंय म्हणून थोडं. ४८ तास हे विचार करायला नाहीतच, विचार आत्ता करायचा. कमी वजनाचं बाळ, थोडा उशिरा बसणारं-चालणारं बाळ, एखादं ऑपरेशन लागणारं, यातलं काय आपल्याला पेलेल हे दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा आणि मग समोरासमोर ठेवा. बालरोगतज्ज्ञ आजच गाठून ठेवा, मेडिकल रिपोर्ट त्यांना दाखवायचा असतो. रिझर्व्ह केल्यावर संस्थेत जाऊन बाळाला भेटून होकार द्यायला ३० दिवसांपर्यंत वेळ असतो, त्यामुळे श्वास घ्या. नाही म्हणावं लागलं तर त्याचीही तयारी ठेवा, अर्ध्या मनाने हो म्हणण्यापेक्षा ते बरं. २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी कलेक्टर ऑफिसमधून येतो, तोवर बाळ तुमच्याकडेच असतं, आणि पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सोशल वर्कर येतात. त्यांना परीक्षक समजू नका, अडलं तर त्यांनाच विचारा.

सोलापूरच्या ताई म्हणतात ते तान्ह्या बाळालाही लागू आहे. सहा महिन्यांचं बाळसुद्धा सांभाळणारीचा वास आणि आवाज शोधतं.

आणि ते कॅलेंडर. जे मूल झालं नाही त्याचं दुःख करायला तुम्हाला कोणी वेळच दिलेला नाही असं दिसतंय. ते आत्ता करून घ्या, हवं तर समुपदेशकाकडे जा, नवऱ्याला बरोबर घेऊन. येणारं मूल त्या मुलाच्या जागी येत नाहीये, ते स्वतःच्या जागेवर येतंय.

सासूबाईंना पटवत बसू नका. त्यांच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवायला सांगा.

वाट_बघणारी
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचून काढलं, काल नवऱ्यालाही वाचायला दिलं. ती भीती त्याला पहिल्यांदाच सांगितली तर म्हणाला मलाही हेच वाटतं, तीन वर्षं दोघं एकमेकांपासून लपवत होतो. कागद आज लिहितोय. कॅलेंडर अजून तिथेच आहे, पण त्याच्यासमोर उघडलं एकदा.

एकच विचारते, ती चादर संस्थेला आधी फोन करून मागायची का त्याच दिवशी मागितली तरी देतात?

सोलापूरची_आई
त्याच दिवशी मागा, पण जाताना दोन-चार नव्या चादरी घेऊन जा तिथल्या मुलांसाठी. आणि घरी आणताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणा, वास टिकतो.