ओआरएम असताना यादीसाठी कर्सर वापरावा का?

उधारखाते:
दुकानदारांच्या उधारीचं अँड्रॉइड ॲप आहे, आत ओआरएमलाइट, म्हणजे डेटाबेसच्या ओळींचे आपोआप ऑब्जेक्ट बनवून देणारी लायब्ररी (ओआरएम). एका ग्राहकाकडे 40 हजार नोंदी साठल्या आणि त्याच्या जुन्या फोनवर यादी उघडताना चार-पाच सेकंद नुसता पांढरा पडदा. स्क्रीनवर दिसतात दहा ओळी, त्यासाठी 40 हजार ऑब्जेक्ट का बांधायचे? आता ओआरएमलाइटच्या इटरेटरमधून रॉ कर्सर (क्वेरीच्या निकालातल्या ओळी एकेक करून वाचणारा दुवा) काढून थेट कर्सरअडॅप्टरला, म्हणजे त्या ओळी यादीत दाखवणाऱ्या वर्गाला देतो. यादी लगेच उघडते. नोंद भरायला, बदलायला ओआरएम. मोठ्या यादीला कर्सरच, असं माझं ठाम मत झालंय.

रात्रपाळी:
अजिबात पटलं नाही. कर्सर लागेल तेवढंच वाचतो हा गैरसमज आहे. तो ओळी मेमरीतल्या एका खिडकीत (कर्सरविंडो) भरतो, आणि ती साधारण 2 एमबीची. स्क्रोल करताना खिडकी संपली की तीच क्वेरी पुन्हा सुरुवातीपासून चालते, मागच्या ओळी ओलांडत. तीही मेन थ्रेडवर, म्हणजे जो स्क्रीन सांभाळतो त्याच थ्रेडवर! शिवाय तो कर्सर बंद कोण करणार? आमच्याकडे एका कॉलमचं नाव बदललं, ओआरएमचे सगळे वर्ग सुधारले, एका अडॅप्टरमध्ये जुनं नाव तसंच राहिलं. कंपायलर गप्प, ॲप कोसळलं ते ग्राहकाच्या हातात. गूगलची रूम ही डेटाबेस लायब्ररी 2017 पासून आहे, क्वेरी कंपाइल करतानाच तपासते. त्यावर पेजिंग लावा, यादी थोडी थोडी करून येईल.

उधारखाते:
कॉलमच्या नावाचं मान्य, ती भीती मलाही आहे. पण माझी ओळ नाव, रक्कम, तारीख एवढीच, शंभरेक बाइटची. सगळी यादी दोन-तीन खिडक्यांत बसते. आणि रूमचं पेजिंग तरी खाली काय करतं? लिमिट-ऑफसेट, म्हणजे आधीच्या इतक्या ओळी सोडून पुढच्या इतक्या द्या. ऑफसेटही मागच्या ओळी ओलांडूनच पुढे जातो.

वहीवाला:
बिलाचा फोटो त्याच टेबलात ब्लॉब (कच्चा बायनरी डेटा) म्हणून ठेवू नका एवढं सांगतो. एक ओळ खिडकीत मावली नाही की कर्सर थेट एक्सेप्शन फेकतो. फोटो फाइलमध्ये, टेबलात फक्त पाथ.

रात्रपाळी:
ऑफसेटचं बरोबर आहे तुमचं. मग ऑफसेटही नको. शेवटी दाखवलेल्या नोंदीची तारीख आणि आयडी धरून त्याआधीच्या 50 मागवा, दोन्हींवर मिळून इंडेक्स (झटपट शोधायची सूची) ठेवा. हे ओआरएमलाइटच्या क्वेरीबिल्डरनेही जमतं. ऑब्जेक्ट 50च बनतील आणि कर्सर अडॅप्टरपर्यंत जाणारच नाही. करून बघा, त्याच जुन्या फोनवर.